न विझता पोहोचलेली ज्योत

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



‘ग्रीक भाषा आणि संस्कृतीतील ज्योत’ हा विषय फलकावर वाचून काही जणांनी विचारले, की बडोद्याच्या गणपतीत हे ग्रीक कुठून आले? प्रश्न रास्त आहे. आम्ही सरकारी खात्यातले, पदविका विद्युत शाखेची. दिवा लावणे हे आमचे काम; दिव्याचा अर्थ सांगणे हे पंडितांचे. पण दिव्याच्या नादाने वाचत गेलो आणि ग्रीकांपाशी येऊन थांबलो. जे सापडले ते आपल्यासारख्या, मूळ गावापासून दूर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांना सांगण्यासारखे वाटले, म्हणून हे धाडस.

कोणत्याही कार्याचा आपण ‘श्रीगणेशा’ करतो. प्राचीन ग्रीकांकडे असाच एक वाक्प्रचार होता: ‘हेस्तियापासून सुरुवात करणे’. हेस्तिया ही त्यांची चुलीची देवता. यज्ञात पहिला मान तिचा आणि शेवटचाही तिचाच. गंमत म्हणजे बाकीच्या ग्रीक देवदेवतांच्या कथा भांडणांनी, लग्नांनी आणि लढायांनी भरलेल्या आहेत, पण हेस्तियाची म्हणावी अशी मोठी कथाच नाही. ती घराच्या मध्यभागी बसते आणि तेवत राहते. ‘हेस्तिया’ या शब्दाचा अर्थही चूल असाच आहे. म्हणजे तिथे चूल हीच देवी होती.

आधी शब्दांकडे पाहू. ज्योतीला जुन्या ग्रीक भाषेत ‘फ्लॉक्स’ म्हणत, आजच्या ग्रीकमध्ये ‘फ्लोगा’. हिवाळ्यात आपल्या बागांत फ्लॉक्स नावाची रंगीत फुले लावतात, त्यांचे नाव याच शब्दावरून आले. मूळ धातू ‘फ्लेगेइन’, म्हणजे जळणे. ग्रीकांच्या पाताळात जशी आपली वैतरणी, तशी एक अग्नीची नदी आहे, तिचे नाव फ्लेगेथॉन. अनेक भाषाशास्त्रज्ञ या धातूचे नाते संस्कृतातल्या ‘भ्राज्’ आणि ‘भर्गस्’ या शब्दांशी जोडतात. गायत्री मंत्रातला ‘भर्ग’ तो हाच. अर्थ जळण्याकडून तेजाकडे वळला, पण कूळ एकच.

एखादा शब्द किती लांबचा प्रवास करतो पाहा. ‘फ्लेग्मा’ म्हणजे आधी ज्वाला, मग शरीरातला दाह, आणि पुढे ग्रीक वैद्यांनी तोच शब्द कफाला लावला. आगीपासून निघालेला शब्द सर्दीपर्यंत पोहोचला! आजही ग्रीकमध्ये सूज येऊन आग होण्याला ‘फ्लेगमोनी’ म्हणतात. आपणही ‘दाह’च म्हणतो. आपण ‘ज्वलंत प्रश्न’ म्हणतो, तर ग्रीक वर्तमानपत्रेही अक्षरशः ‘जळता प्रश्न’ असेच छापतात. भाव भडकले, की तिथला ग्राहक म्हणतो ‘किमती म्हणजे आग’. आणि एखाद्याच्या प्रामाणिकपणाची खात्री द्यायची तर ‘त्याच्यासाठी मी विस्तवात हात घालीन’ असे म्हणतात. आपल्या अग्निदिव्याची आठवण यावी असाच हा प्रयोग.

आता आपल्या घरातले तीन शब्द. ‘लॅम्प’ इंग्रजीतून आला, पण त्याचे मूळ ग्रीक ‘लाम्पास’, म्हणजे मशाल. ‘कंदील’ फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. फारसीत तो अरबीतून, आणि अरबीत ग्रीकांच्या ‘कांदेला’पासून. ग्रीकांनी तो लॅटिनमधून उचलला होता. आजही ग्रीक घरात देवाच्या तसबिरीपुढे जो तेलाचा दिवा लावतात त्याला ‘कांदिली’ म्हणतात. काचेच्या पात्रात पाणी, त्यावर ऑलिव्हचे तेल, आणि तेलावर तरंगणारी छोटीशी वात. तिसरा शब्द खास आपल्या गुजरातचा. आपण शेजाऱ्यांच्या तोंडून रोज ऐकतो तो ‘फानस’. तो फारसीतल्या ‘फानूस’वरून, आणि फानूस ग्रीक ‘फानोस’वरून. म्हणजे दिवाळीत आपण आकाशकंदील टांगतो आणि शेजारचे काका फानस काढतात, तेव्हा दोन्ही घरांच्या दारात थोडे ग्रीक तेल जळत असते.

पण शब्दांचे हे कौतुक इथेच थांबवू. ग्रीकांच्या ज्योतीचे खरे सांगणे त्यांच्या चालीरीतींत आहे.

प्राचीन ग्रीक नगरात एक सार्वजनिक चूल असे. ती ज्या इमारतीत असे तिला ‘प्रिटनिऑन’ म्हणत. घराची चूल जशी कुटुंबाची, तशी ही चूल सगळ्या गावाची. लोकसंख्या वाढली, जमीन पुरेना, की काही लोक जहाजात बसून दूर जात आणि नवे गाव वसवत. इटली, सिसिली, काळ्या समुद्राचा काठ, अशी त्यांची शेकडो गावे पसरली होती. अशा वस्तीला ते ‘अपोइकिया’ म्हणत. ‘अपो’ म्हणजे दूर, ‘ओइकोस’ म्हणजे घर. दूरचे घर. आणि जिथून निघाले ते गाव ‘मेट्रोपोलिस’, म्हणजे आईनगरी. आज अहमदाबादच्या मेट्रोत बसताना कुणाच्या लक्षात येत नाही, पण त्या शब्दाच्या पोटात आई आहे.

निघताना हे लोक आईनगरीच्या प्रिटनिऑनमधला अग्नी बरोबर नेत आणि नव्या गावाची चूल त्यानेच पेटवत. आता व्यवहार पाहिला तर अग्नी कुठेही पेटवता येतो. पण नव्या गावाची चूल जुन्या चुलीची लेक असली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. नवे गाव आईच्या ताब्यात नसे. त्याचे कायदे वेगळे, नाणे वेगळे, कधी कधी आई-लेकींत युद्धही होई. नाते राहिले ते त्या विस्तवाचे.

आपल्या भाषेतही हे शहाणपण आहेच. ‘वेगळी चूल मांडली’ म्हटले, की वेगळे घर झाले. दोघांचे जमत नसेल तर आपण म्हणतो, ‘त्यांच्यात विस्तव जात नाही’. काडेपेटी नव्हती तेव्हा शेजारणीकडून विस्तव आणण्याची रीत होती. तो येणे-जाणे थांबले म्हणजे नातेच थांबले. अथेन्समध्ये नांगरणीच्या एका पवित्र विधीत पुरोहित जाहीर शाप उच्चारत असे. मागणाऱ्याला अग्नी किंवा पाणी नाकारणाऱ्याला, आणि वाट चुकलेल्याला वाट न दाखवणाऱ्याला.

घरातले विधीही चुलीभोवतीच फिरत. मूल जन्मले, की काही दिवसांत त्याला उचलून चुलीभोवती फेरी मारत, मग ते घरचे झाले. लग्नात वधूची आई मशाल घेऊन वरातीबरोबर जाई, आणि वराच्या दारात त्याची आई मशाली घेऊन उभी असे. नवी सून आत आली, की तिला चुलीपाशी बसवून तिच्यावर सुके अंजीर आणि सुकामेवा उधळत. आपल्या लग्नातली ‘झाल’ आठवा. वधूपक्षाकडून पेटत्या दिव्यांसह वेळूच्या सुपाची झाल वराच्या आईच्या आणि आप्तांच्या माथ्यावर धरतात. दोन्हीकडे लेक जाताना तिच्यासोबत उजेड जातो.

आता प्रोमिथियस. त्याची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. त्याने देवांकडून अग्नी चोरला आणि माणसाला दिला. कवी हेसियडने त्यातला एक बारकावा सांगितला आहे. त्याने अग्नी आणला तो बडीशेपेच्या जातीच्या एका उंच झाडाच्या पोकळ दांड्यात लपवून. त्या दांड्याचा आतला भुसभुशीत गर हळूहळू धुमसत राहतो आणि बाहेरची साल जळत नाही. म्हणजे अग्नी वाहून न्यायची ही खरीखुरी युक्ती. आमच्यातल्या पदविकाधारकाला कथेतला हाच भाग सर्वांत आवडला. अग्नी मिळवणे एक आणि तो न विझवता, हात न भाजता नेणे दुसरे.

या प्रोमिथियसच्या नावाने अथेन्समध्ये मशालींची शर्यत होत असे. शहराबाहेर ‘अकादेमिया’ नावाच्या उपवनात त्याची वेदी होती. प्लेटोने पुढे आपली शाळा याच परिसरात काढली. तिथून तरुण पेटत्या मशाली घेऊन शहराकडे धावत. दुसऱ्या शतकातला प्रवासी लेखक पॉसेनियस याने या शर्यतीचा नियम लिहून ठेवला आहे, आणि आजच्या भाषणातली एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ही न्यावी. पहिला आला त्याची मशाल विझलेली असेल तर तो हरला. मग दुसऱ्याची पाहायची. तीही विझली असेल तर तिसरा विजयी. आणि कुणाचीच पेटती नसेल तर त्या दिवशी विजेता कुणीच नाही.

किती साधा आणि किती कडक नियम! नुसत्या वेगाला मोल नाही, कारण फार जोरात धावले तर वारा ज्योत विझवतो. फार हळू गेले तर दुसरा पुढे जातो. ज्योत सांभाळून जितके धावता येईल तितके धावायचे. याच शर्यतीचा सांघिक प्रकारही होता, त्यात एका हातातून दुसऱ्या हातात मशाल जाई. प्लेटोने आपल्या ‘नियम’ या ग्रंथात लग्न आणि संततीविषयी लिहिताना हीच उपमा घेतली. माणसाने आयुष्य मशालीसारखे पुढच्याच्या हाती द्यावे, असा त्याचा आशय.

आणि हे सगळे गंभीरच होते असे नाही. नाटककार ॲरिस्टोफेनिसने अशाच एका मशालींच्या शर्यतीतल्या मंद, लठ्ठ धावकाची टर उडवली आहे. बिचारा सगळ्यांच्या मागे राहिला, तर वेशीपाशी जमलेली कुंभारवाड्यातली मंडळी त्याला चापट्या मारू लागली. त्या गडबडीत त्याची मशालच विझली. ती नेमकी कोणत्या वाऱ्याने विझली ते सणाच्या दिवशी आम्ही सांगत नाही, ज्येष्ठांनी मुळातून वाचावे. (हशा) पण हा प्रसंग लक्षात ठेवा, त्याकडे परत यायचे आहे.

ज्योत विझली तर काय करायचे, यावरही ग्रीकांनी विचार केला होता. इ. स. पूर्व 479 मध्ये प्लेटियाच्या रणांगणावर त्यांनी इराणी सैन्याचा पराभव केला. तेव्हा डेल्फीहून देववाणी आली, की शत्रूच्या वावराने इथला अग्नी विटाळला आहे. सगळ्या चुली विझवा आणि डेल्फीच्या सामाईक चुलीतून शुद्ध अग्नी आणा. प्लुटार्कने सांगितले आहे, की युकिडास नावाचा प्लेटियाचा एक माणूस धावत डेल्फीला गेला, तिथे शुद्ध होऊन वेदीवरचा अग्नी घेतला आणि सूर्यास्तापूर्वी परत आला. जाऊन-येऊन 1000 स्टेडिया, म्हणजे आजचे सुमारे 180 किलोमीटर. गावकऱ्यांना त्याने अभिवादन केले, अग्नी त्यांच्या हाती दिला आणि तिथेच कोसळून प्राण सोडला. मॅरेथॉनचा धावक सगळ्या जगाला ठाऊक आहे. अग्नी घेऊन धावलेला हा युकिडास मागे राहिला.

दुसरी कथा अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवरची. तिथे अथीना देवीपुढे कॅलिमेकस या कलाकाराने घडवलेला सोन्याचा दिवा होता. वर्षातून एकदाच तेल भरायचे, ते दिवसरात्र पुरे. त्याची वात न जळणाऱ्या खनिज धाग्याची होती. जाता जाता शब्दाची आणखी एक गंमत: न विझणाऱ्याला ग्रीकमध्ये ‘आस्बेस्तोस’ म्हणतात. होमरने देवांच्या न थांबणाऱ्या हास्याला हेच विशेषण लावले आहे. आपल्या सरकारी शेडवरच्या ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांत देवांचे हसू अडकले आहे, हे आमच्या खात्याला ठाऊक नसावे!

तर हा वर्षभर जळणारा दिवा एकदा विझला. इ. स. पूर्व 87-86 मध्ये रोमन सेनापती सुल्ला याने अथेन्सला वेढा घातला होता. शहरात उपासमार होती. तेव्हाचा हुकूमशहा ॲरिस्टिऑन मात्र मेजवान्या झोडत होता. प्लुटार्क लिहितो, की तेलाअभावी देवीचा दिवा विझू दिला गेला. मुख्य पुजारीणबाईंनी थोडेसे गहू मागितले तर या गृहस्थाने तेवढीच मिरी पाठवली. शत्रू अजून तटाबाहेर होता. दिवा विझला तो आतल्या माणसाच्या बेपर्वाईने.

असा पवित्र अग्नी विझला तर तो शेजारच्या चुलीवरून पेटवायचा नाही, असा नियम होता. रोजच्या स्वयंपाकाचा विस्तव उसना चालतो, हा नाही. धातूच्या अंतर्गोल आरशांनी सूर्यकिरण एकत्र करून तो नव्याने मिळवायचा. आज ऑलिंपिकची ज्योत ऑलिंपिया इथे हेराच्या देवळाच्या अवशेषांपुढे अशाच अंतर्गोल आरशाने पेटवतात.

मात्र एक खरे सांगितले पाहिजे. प्राचीन ऑलिंपिकमध्ये देशोदेशी मशाल नेण्याची प्रथा नव्हती. ऑलिंपियाच्या प्रिटनिऑनमध्ये हेस्तियाचा अग्नी अखंड असे, एवढेच. आधुनिक खेळांत ज्योत प्रथम 1928 मध्ये ॲमस्टरडॅमला तेवली. आणि ऑलिंपियाहून मशाल धावत नेण्याची कल्पना 1936 च्या बर्लिन खेळांची, कार्ल डीम या जर्मन आयोजकाची. हिटलरच्या राजवटीने तिचा प्रचारासाठी पुरेपूर वापर केला, आणि त्या मशाली तोफा बनवणाऱ्या क्रुप कारखान्यात तयार झाल्या होत्या. म्हणजे ज्योत हातात आहे एवढ्याने धावणारा पवित्र होत नाही. ज्योत कुठे आणि कशासाठी नेतो आहोत, हे विचारावेच लागते. आग ती आगच. 2007 च्या ऑगस्टमध्ये ग्रीसमध्ये भीषण वणवे लागले, ते याच ऑलिंपियाच्या प्राचीन परिसरापर्यंत येऊन भिडले होते.

आजच्या ग्रीसमध्ये बहुसंख्य लोक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहेत. देव बदलले, पण ज्योत नेण्याची रीत नव्या रूपात दिसतेच. ईस्टरच्या आदल्या दिवशी जेरुसलेमच्या चर्चमधला पवित्र अग्नी विमानाने अथेन्सला येतो आणि एखाद्या राष्ट्रप्रमुखाला द्यावा तसा मान देऊन त्याचे स्वागत होते. तिथून तो देशभर जातो. मध्यरात्री गावोगावच्या चर्चमधले दिवे मालवतात. पूर्ण काळोख होतो. मग धर्मगुरू एक पेटती मेणबत्ती घेऊन बाहेर येतात, जवळचा माणूस तिच्यावरून आपली पेटवतो, त्याच्यावरून मागचा, आणि बघता बघता सगळे पटांगण उजळते. मुलांच्या हातात धर्ममाता-पित्यांनी दिलेल्या सजवलेल्या मेणबत्त्या असतात. त्यांना ‘लांबादा’ म्हणतात, म्हणजे तोच आपला जुना ‘लाम्पास’. मग ती ज्योत वाऱ्यापासून हाताच्या आडोशाने जपत लोक घरी नेतात, दाराच्या चौकटीवर तिच्या काजळीने क्रूस काढतात आणि तिनेच देवापुढची कांदिली लावतात.

आणखी एक शब्द, आणि मग समारोप. ‘हेस्तिया’चा आजचा उच्चार ‘एस्तिया’. तो शब्द अजून जिवंत आहे. विद्यार्थी वसतिगृहाला एस्तिया म्हणतात, उपाहारगृहाचे नाव त्याच मुळापासून आले आहे. आणि 1922 नंतर आशिया मायनरमधून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, दहा लाखांहून अधिक ग्रीकांना घरे सोडून ग्रीसमध्ये यावे लागले, त्यांच्या सोडून आलेल्या गावांना ‘वाडवडिलांच्या एस्तिया’ म्हणतात. वाडवडिलांच्या चुली. त्यांनी नव्या वस्त्यांना जुनी नावे दिली: नवी स्मिर्ना, नवे आयोनिया. पूर्व थ्रेसमधल्या कोस्ती गावचे लोक तर आपल्या देवांच्या तसबिरी आणि निखाऱ्यांवर नाचण्याची प्रथा घेऊन आले. चर्चला ती मान्य नव्हती, म्हणून कित्येक वर्षे त्यांनी ती लपूनछपून पाळली. आज उत्तर ग्रीसमधल्या त्यांच्या गावांत ती उघडपणे होते.

मंडळी, आपले पूर्वज गायकवाडांच्या फौजेबरोबर आणि कारभारात इथे आले. कुणी आपल्याला हाकलले नाही, उलट या गुजरातने आपल्याला मायेने ठेवून घेतले. त्यामुळे त्या निर्वासितांचे दुःख आपले म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण ‘दूरचे घर’ हा शब्द आपल्याला बरोबर लागू पडतो. आपली चूल इथली आहे. विस्तव तिथून आणलेला आहे. तो विस्तव म्हणजे आपली भाषा.

आणि म्हणून तो मशालींच्या शर्यतीचा नियम. आपल्या मुलांचे मराठी गुजरातीत मिसळलेले आहे, हे खरे. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले, की त्यांच्या एखाद्या वाक्यावर हसतात. आणि पाहुण्यांबरोबर आपणही हसतो. पुढच्या वेळी पाहुणे आले, की मूल हिंदीत बोलते. वेशीवरच्या मंडळींनी मागे पडलेल्या धावकाला चापट्या मारल्या आणि मशाल विझली, ती ही अशी. तो हळू धावत होता, पण त्या क्षणापर्यंत त्याची ज्योत पेटती होती. ग्रीकांच्या नियमाने पाहिले तर विझलेली मशाल घेऊन पुढे गेलेल्या प्रत्येकापेक्षा तो सरस होता.

दुसरी गोष्ट तेलाची. उत्सवाची रोषणाई दरवर्षी वाढते आहे, आणि विद्युत शाखेचे असल्याने तिचा आम्हाला आनंदच आहे. पण मंडळाच्या वाचनालयात मुलांसाठी मराठीची नवी पुस्तके किती येतात, हेही कुणीतरी विचारावे. हा कुणावर ठपका नाही, कारण कार्यकारिणी म्हणजे आपणच. अथीनेच्या दिव्याला वर्षातून एकदाच तेल लागे, पण ते एकदा तरी घालावे लागेच. या गणेशोत्सवात प्रत्येक घराने मुलांसाठी एक मराठी पुस्तक वाचनालयाला द्यावे, आणि घरातल्या आजी-आजोबांनी आठवड्यातून एक संध्याकाळ नातवंडांसाठी राखून ठेवावी. त्या संध्याकाळी चुका काढायच्या नाहीत, फक्त गोष्ट सांगायची.

हेस्तियाची मोठी कथा नाही, असे सुरुवातीला म्हटले. तिचे काम एवढेच होते, की बाहेरून कुणीही, केव्हाही घरी आले तरी चुलीत विस्तव असावा. आपल्यालाही एवढेच जमले तर पुष्कळ झाले.

गणपती बाप्पा मोरया!